रॉ व्हिडिओ शिकायचाय? आधी कार्ड मोजा

गंगेवर संध्याकाळी कॅमेरा घेऊन गेलेल्या प्रत्येकाला हे माहीत आहे. नाशिकबाहेरच्यांसाठी सांगतो, गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. रामकुंडाच्या पायरीवर एक आजी द्रोणातला दिवा पाण्यात सोडत असते. ज्योतीचा उजेड तिच्या गालावर, मागे ओल्या काळ्या दगडाच्या पायऱ्या आणि वर निळं पडत चाललेलं आकाश. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर सगळं झकास दिसतं. घरी येऊन क्लिप उघडावी, पायऱ्या जरा उजळायला जावं, तर त्यांचा चिखल होतो. आकाशात पट्टे उमटतात. आजीच्या गालावर चौकोन चौकोन.

यात तुमची चूक नसते. सेन्सरने बरंच काही पाहिलेलं असतं, पण कॅमेरा ते एच.२६४ मध्ये, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायच्या नेहमीच्या पद्धतीत, कोंबताना प्रत्येक रंगासाठी ८ बिट, म्हणजे फक्त २५६ छटा ठेवतो. व्हाइट बॅलन्स, कॉन्ट्रास्ट, शार्पनेस सगळं शिजवून पान वाढतो. मीठ जास्त झालं तर झालं. रॉ म्हणजे सेन्सरने पाहिलेलं जसंच्या तसं. त्यात १४ बिट, म्हणजे १६,३८४ छटा मिळतात आणि काहीच शिजवलेलं नसतं. शिजवायचं तुम्ही, घरी बसून.

हे काम नवं नाही. पांडवलेणीच्या पायथ्याशी ज्यांचं स्मारक आहे त्या दादासाहेब फाळक्यांच्या दादरच्या घरी सरस्वतीबाई अंधारात कोऱ्या फिल्मला भोकं पाडायच्या आणि शूट झालेली फिल्म धुवायच्या. रॉ म्हणजे न धुतलेली फिल्म. शूटिंग निम्मं काम, धुणं उरलेलं निम्मं. आणि त्या धुण्याला जागा, वेळ आणि पैसा किती लागतो, हे यूट्यूबवरचे उत्साही लोक शेवटच्या मिनिटाला सांगतात. म्हणून मी आधी सांगतो.

कॅमेरा कोणता

कॅननने स्वतःहून डीएसएलआरमध्ये आतल्या आत रॉ व्हिडिओ दिला तो १डी एक्स मार्क ३ मध्ये, २०२० साली. तो घेणाऱ्याला या लेखाची गरज नाही. आपण बोलतोय ते जुन्या कॅननवर मॅजिक लँटर्न घालून मिळणाऱ्या रॉबद्दल. हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर २००९ मध्ये ५डी मार्क २ साठी सुरू झालं आणि २०१३ मध्ये त्यातून रॉ व्हिडिओ निघायला लागला. ते कार्डावरून चालतं, कॅमेऱ्यातलं कॅननचं फर्मवेअर, म्हणजे त्याचं मूळ सॉफ्टवेअर, पुसत नाही. पण ते कॅननचं नाही आणि काही झालं तर कॅनन जबाबदार नाही. कॅमेरा वॉरंटीत असेल, किंवा तो मेहुण्याचा असेल, तर हात लावू नका. निकॉनवाल्यांनी विचारू नये. मॅजिक लँटर्न फक्त कॅननसाठी आहे.

सगळा खेळ कार्डावर किती वेगाने लिहिता येतं याचा. हिशोब एकदा कागदावर करून बघा. १९२० गुणिले १०८० पिक्सेल, प्रत्येकी १४ बिट, म्हणजे एक फ्रेम साधारण ३६ लाख बाइटची. सेकंदाला २५ फ्रेम म्हटल्यावर सेकंदाला ९० एमबीच्या वर. ५डी मार्क ३ चा सीएफ, म्हणजे कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डाचा स्लॉट हे झेपवतो, म्हणून रॉवाल्यांचा तो लाडका. ६५०डी, ७००डी, ईओएस एम यांचा एसडी स्लॉट ४० एमबीच्या आसपास दमतो. त्यात १२८० बाय ७२० जेमतेम बसतं. ६००डी तर २० वरच थांबतो. तो शिकायला ठीक, कामाला नाही. ५०डी हा गमतीदार प्राणी आहे. कॅननने त्याला व्हिडिओच दिला नव्हता, माइकही नाही, पण मॅजिक लँटर्न घातल्यावर तो रॉ शूट करतो आणि सेकंडहँड स्वस्तात मिळतो. आवाज वेगळा घ्यायची तयारी असेल तर वाईट नाही.

मी ५डी मार्क ३ वापरतो, सेकंडहँडच घेतलेला. एमजी रोडला असो की ऑनलाइन कुणाकडून, सेकंडहँड घेताना लोक शटर काउंट, म्हणजे आजवर किती फोटो काढलेत, ते विचारतात. व्हिडिओसाठी त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे मोबाइलचा टॉर्च मारून सीएफ स्लॉटच्या आत बघा. तिथे बारीक पिनांच्या दोन ओळी असतात. एखादी वाकलेली दिसली तर कॅमेरा परत द्या, कितीही स्वस्त असला तरी.

कार्ड आणि डिस्क

सेकंदाला ९० एमबी म्हणजे मिनिटाला साधारण ५.४ जीबी. ६४ जीबीच्या कार्डावर पावणेबारा मिनिटं. कॅमेऱ्याच्या नेहमीच्या व्हिडिओत त्याच कार्डावर अख्खी हळद, लग्न आणि पाठवणी मावते.

म्हणून माझा नियम साधा आहे. अख्खा कार्यक्रम कधीच रॉवर नाही. दोन दिवसांच्या लग्नात माझं रॉ फुटेज आठ-दहा मिनिटांचं असतं: नवरीची तयारी, अंतरपाटामागचा चेहरा, संध्याकाळच्या उजेडातले दोघांचे शॉट. बाकी सगळं एच.२६४ वर, बिनधास्त. पंगतीत वाढणाऱ्या काकांना १६,३८४ छटा लागत नाहीत.

सीएफ कार्ड १०६६एक्स किंवा त्याहून वेगवान घ्या. हा आकडा बहुतेक वेळा वाचण्याचा वेग असतो. आपल्याला हवा लिहिण्याचा, तो पाकिटावर बारीक अक्षरात असतो किंवा नसतोच. आणि नकली कार्डांचा सुळसुळाट आहे. मी एकदा एका दुकानातून चांगल्या कंपनीचं छापलेलं १२८ जीबीचं कार्ड आणलं, बिलासकट. निम्मं भरल्यावर पुढच्या फाइली नुसत्याच दिसायच्या, उघडायच्या नाहीत. तेव्हापासून नवं कार्ड आलं की ते कॉम्प्युटरला लावून एच२टेस्टडब्ल्यू या फुकट प्रोग्रामने काठोकाठ भरून तपासतो. तास-दीड तास जातो, जाऊ द्या.

डिस्कचं गणित तीनपट धरा: मूळ फाइल, तिची दुसरी प्रत आणि प्रोसेस झालेली फाइल.

कॅमेऱ्यात घालणं

हे लोकांना सगळ्यात अवघड वाटतं आणि असतं सगळ्यात सोपं. फक्त घाई नको.

पहिलं, कॅननचं फर्मवेअर कोणतं आहे ते मेन्यूत बघा. मॅजिक लँटर्नचं प्रत्येक बिल्ड ठरावीक आवृत्तीसाठीच असतं. ५डी मार्क ३ साठी १.१.३ किंवा १.२.३, ७००डी साठी १.१.५. आवृत्ती वेगळी असेल तर आधी ती जुळवा. ‘चालून जाईल’ हा आपला राष्ट्रीय स्वभाव इथे ठेवू नका.

दुसरं, बॅटरी पूर्ण भरलेली, डायल एम वर, कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट केलेलं. डाउनलोड केलेली झिप उघडून आतलं सगळं कार्डाच्या मुळाशी कॉपी करा. एमएल नावाचं फोल्डर आणि ऑटोएक्झेक डॉट बिन ही फाइल समोरच दिसली पाहिजे, दुसऱ्या एखाद्या फोल्डरच्या पोटात नाही. दहातले आठ फोन मला याच चुकीसाठी येतात.

तिसरं, कार्ड कॅमेऱ्यात घालून मेन्यूतून फर्मवेअर अपडेट चालवा. स्क्रीनवर सांगेल तेव्हा बंद करून चालू करा. झालं. आता कचरापेटीचं बटण दाबलं की मॅजिक लँटर्नचा मेन्यू उघडतो. मॉड्यूलच्या पानावर रॉ रेकॉर्डिंगचं एमएलव्ही मॉड्यूल आणि क्लिप बघायचं प्ले मॉड्यूल चालू करा आणि पुन्हा एकदा रीस्टार्ट.

एक सवय आत्ताच लावून घ्या. कार्ड फॉरमॅट करताना कॅमेरा विचारतो, मॅजिक लँटर्न ठेवायचं का, तेव्हा ‘ठेव’ म्हणा. एकदा मॅजिक लँटर्न घातलेल्या कार्डावरच्या त्या फाइली कॉम्प्युटरवर पुसल्या गेल्या, तर कॅमेरा ते कार्ड घातल्यावर मेल्यासारखा पडतो. मेलेला नसतो. बॅटरी काढा, कार्ड काढा, बॅटरी घाला. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी घामाने भिजलो होतो, म्हणून लिहितोय. आणि लाल दिवा लुकलुकत असताना कार्डाचं दार उघडू नका.

सेटिंग

कॅननच्या मेन्यूत व्हिडिओ सिस्टिम पाल (PAL) करा आणि २५ फ्रेम ठेवा. सिनेमाचे २४ म्हणून हट्ट करू नका. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभर वेळा उजळतात-मंदावतात. २५ फ्रेम आणि १/५० शटर असेल तर ट्यूबलाइट आणि हॉलमधले बहुतेक दिवे गप्प राहतात. स्टेजवरच्या स्वस्त एलईडीचं मात्र काही सांगता येत नाही. शॉट घेण्यापूर्वी दहा सेकंद घेऊन बघाच.

मॅजिक लँटर्नमध्ये रॉ व्हिडिओ चालू करा, रुंदी १९२०. चौदा बिट लॉसलेस हा पर्याय तुमच्या बिल्डमध्ये असेल तर तोच घ्या. दर्जा तोच राहतो आणि बरीच जागा वाचते. रेकॉर्डिंग मध्येच तुटत असेल तर आधी ग्लोबल ड्रॉ बंद करा, म्हणजे स्क्रीनवरचे आलेख काढण्यात कॅमेऱ्याची शक्ती जाणार नाही. तरी तुटलं तर उंची कमी करा. १६:९ ऐवजी २.३५:१ ची लांबट चौकट ठेवली की चौथा हिस्सा डेटा तिथेच वाचतो.

आयएसओ १००, २००, ४००, ८००, १६०० एवढेच वापरा. मधले आकडे म्हणजे कॅमेऱ्याने केलेली गणिती सारवासारव, रॉमध्ये त्याचा उपयोग नाही. व्हाइट बॅलन्स नंतर बदलता येतो, तरी सगळ्या शॉटना एकच आकडा ठेवा, नाहीतर रात्री बघताना डोकं फिरतं.

दुपारच्या शूटिंगला एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सपुढे लावायची उजेड अडवणारी काळसर काच, लागतेच. लख्ख उन्हात आयएसओ १०० आणि १/५० शटरला लेन्स एफ २२ वर न्यावी लागते. मागचं धूसर करायला एफ २.८ हवं असेल तर सहा स्टॉप उजेड अडवायला हवा, म्हणजे सहा वेळा निम्मा करायला हवा. त्यासाठी एनडी ६४. गंगापूर रोडच्या लॉन्सवर दुपारच्या मुहूर्ताला उभं राहिल्यावर हे गणित आपोआप पाठ होतं.

आता घाटावर

पहिला सराव मी सगळ्यांना रामकुंडावरच करायला लावतो, सूर्य मावळल्यावर. त्या वीस-पंचवीस मिनिटांत रॉचं सगळं शिक्षण होतं, कारण एकाच चौकटीत ज्योत, चेहरा, काळा दगड आणि आकाश असतं. होळकर पुलाच्या बाजूला आकाश जास्त वेळ उजळ राहतं, त्यामुळे कॅमेरा तिकडे तोंड करून लावा. ट्रायपॉड पायरीच्या काठाला लावू नका, शेवाळ असतं. गर्दीत तो कुणाच्या तरी पायात येतोच, म्हणून मी मोनोपॉड नेतो. आणि कुणाचाही चेहरा जवळून घ्यायच्या आधी विचारा. ‘आजी, तुमचा दिवा सोडतानाचा व्हिडिओ घेऊ का?’ एवढं म्हटलं की बहुतेक जणी पदर सारखा करतात आणि हो म्हणतात. दशक्रियेला आलेली माणसं तिथेच शेजारी बसलेली असतात. तिकडे कॅमेरा फिरवायचा नाही.

एक्स्पोजर कसं ठरवायचं? मॅजिक लँटर्नमध्ये रॉ हिस्टोग्रॅम (उजेड-अंधाराचा आलेख) आणि रॉ झेब्रा (फुटलेल्या उजेडावर दिसणारी खूण) आहेत, ते चालू करा. कॅननचा स्वतःचा हिस्टोग्रॅम बघू नका. तो शिजवलेल्या चित्राचा असतो आणि खोटं घाबरवतो. रॉमध्ये सावली उचलता येते, पण उजेड एकदा फुटला की फुटला. म्हणून आधी ठरवा की काय फुटू द्यायचं. ज्योतीचा गाभा फुटला तर फुटू दे, ज्योत आहे ती. पण आजीच्या कपाळावर, गालावर झेब्रा आला तर लगेच आयएसओ खाली. आकाशावर आला तरी खाली. या दोन्ही जागा सांभाळून जितकं उजळ ठेवता येईल तितकं ठेवा. कारण सावलीत उरलेलं उचलायला गेलं की नॉइज, म्हणजे चित्रातला दाणेदारपणा, वर येतो आणि ५डी मार्क ३ चा नॉइज पट्ट्या-पट्ट्यांनी येतो, तो दिसायला वाईट.

माझ्या एका संध्याकाळचे आकडे देतो. सुरुवातीला आयएसओ ४००, एफ २.८, १/५०. दहा मिनिटांनी ८००. आकाश गडद निळं झालं आणि घाटावरचे दिवे लागले तेव्हा १६००, आणि तिथेच थांबलो. प्रत्येक शॉट वीस सेकंदांचा, जास्त नाही. द्रोण हातातून सुटतो, एक गिरकी घेतो आणि प्रवाहाला लागतो, तेवढं वीस सेकंदांत होतं.

कॅमेरा रॉ घेत असताना स्क्रीनवरचं चित्र कधीकधी अडखळतं. घाबरू नका, फाइल ठीक असते. ५डी मार्क ३ चित्र लहान करताना शेजारचे पिक्सेल एकत्र करतो, त्यामुळे साडीच्या बारीक चौकड्या, विटा, कौलं नीट येतात. ७००डीसारखे कॅमेरे मधल्या ओळी सोडून देतात, म्हणून तिथे कौलांवर इंद्रधनुष्य नाचतं. त्यावर उपाय म्हणजे सेन्सरचा फक्त मधला भाग वापरणारा क्रॉप मोड, किंवा कौलं टाळणं.

आवाजाचं एवढंच: छोटा रेकॉर्डर वेगळा ठेवा आणि शॉटच्या सुरुवातीला एक टाळी वाजवा, म्हणजे नंतर आवाज चित्राशी जुळवता येतो.

कॉपी करताना

इथे मी हात भाजून घेतलाय. मावसबहिणीच्या लग्नात आजी तिची ओटी भरत होती. आजीने नारळ ठेवला, तांदूळ घातले आणि मध्येच थांबून तिच्या डोक्यावरून हात फिरवला. दोघी रडल्या, मीही जवळजवळ. पूर्ण दोन मिनिटांचा शॉट, रॉवर. रात्री लॅपटॉपवर कॉपी केला आणि सकाळच्या विधींसाठी कार्ड फॉरमॅट केलं.

घरी येऊन उघडलं तर क्लिप ४७ सेकंदांची. नारळ ठेवला आणि संपलं.

कार्ड ३२ जीबीचं होतं, एफएटी३२ पद्धतीचं. त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. म्हणून कॅमेरा क्लिपचे तुकडे करतो: पहिल्याचं शेपूट एमएलव्ही, पुढच्यांचं एम००, एम०१ असं. मी एमएलव्ही तेवढ्या निवडून कॉपी केल्या होत्या, बाकीच्या काहीतरी फालतू असाव्यात म्हणून. मावशीला अजून सांगितलेलं नाही की उरलेला शॉट होता. तिला वाटतं, तेवढाच घेतला.

तेव्हा फाइली निवडायच्या नाहीत. अख्खं फोल्डर उचलायचं, सगळे तुकडे एकाच फोल्डरमध्ये ठेवायचे, दुसऱ्या डिस्कवर प्रत करायची, दोन-तीन क्लिप शेवटापर्यंत चालवून बघायच्या आणि मगच कार्ड फॉरमॅट.

धुणं

एमएलव्ही फाइल नेहमीच्या प्लेअरमध्ये उघडत नाही. एमएलव्ही अ‍ॅप नावाचा फुकट प्रोग्राम घ्या. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. क्लिप आत ओढली की चित्र फिकं, हिरवट किंवा अंधारं दिसेल. ते तसंच असतं.

आधी रॉ दुरुस्तीचा भाग. ५डी मार्क ३ वर उभ्या बारीक रेषा दिसल्या तर व्हर्टिकल स्ट्राइप्स दुरुस्ती चालू करा. ६५०डी, ७००डी, ईओएस एम वर रांगेत गुलाबी-हिरवे ठिपके दिसतात. ते सेन्सरवरचे फोकसचे पिक्सेल. त्यासाठी फोकस पिक्सेलचा नकाशा लागतो, अ‍ॅप तो मागतो, द्या. डीबेयर, म्हणजे सेन्सरच्या डेटातून रंग बनवायची पद्धत, अमेझवर ठेवा. मग व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर घेऊन काहीतरी पांढरं टिपा. घाटावरच्या शॉटमध्ये मी कुणाच्या तरी धोतरावर टिपतो आणि मग थोडं मुद्दाम पिवळ्याकडे सरकवतो. धोतर पांढरंशुभ्र केलं की ज्योतीची ऊब जाते आणि संध्याकाळ ट्यूबलाइटखाली घेतल्यासारखी दिसते.

एक क्लिप मनासारखी झाली की तिची रिसीट, म्हणजे सगळ्या सेटिंगची यादी, कॉपी करून त्याच जागेच्या बाकी क्लिपांवर पेस्ट करा.

पुढे दोन वाटा. सोपी वाट म्हणजे इथूनच प्रोरेस ४२२ एचक्यू, म्हणजे एडिटिंगसाठीची तयार व्हिडिओ फाइल, काढायची. साधारण १.४ जीबीला मिनिट, कुठल्याही एडिटिंग प्रोग्राममध्ये पळतं. नवख्याने पहिले सहा महिने हेच करावं. दुसरी वाट म्हणजे सिनेमाडीएनजी, म्हणजे रॉ फ्रेमच्या फाइली, काढून दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग प्रोग्राममध्ये रॉच नेणं. त्यात प्रत्येक फ्रेमची वेगळी फाइल होते, वीस सेकंदांच्या ५०० फाइली, आणि जुना लॅपटॉप गुडघे टेकतो. रिझॉल्व्हमध्ये क्लिप घेण्याआधी प्रोजेक्ट २५ फ्रेमवर लावा, नंतर बदलता येत नाही. कॅमेरा रॉच्या पानावर डीकोडच्या पर्यायात ‘क्लिप’ निवडा आणि हायलाइट रिकव्हरी लावून बघा. फुकट आवृत्तीत रिझॉल्व्हचं स्वतःचं नॉइज रिडक्शन मिळत नाही, त्यामुळे घाटावर आयएसओबाबत जो कंजूषपणा केला त्याचा फायदा इथे दिसतो.

शार्पनेस शेवटी आणि कमी. रॉमधून निघालेलं चित्र आधीच पुरेसं रेखीव असतं. त्यावर आणखी धार लावली की आजीच्या सुरकुत्या भेगा दिसतात.

काम दिल्यावर डीएनजीच्या फाइली आणि प्रोरेस उडवा, ते पुन्हा काढता येतात. मूळ एमएलव्ही, तिचे सगळे तुकडे आणि रिसीट ठेवा. डिस्कवर स्केचपेनने तारीख आणि लग्नघराचं नाव लिहा, दुसरी प्रत दुसऱ्या कुणाच्या घरी ठेवा. माझी मावशीकडे असते, तिच्या कपाटात, लग्नाच्या शालूखाली.